दगडावरचे ओकाचे पान

ओक म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतात ते ओक आडनावाचे लोक. ओकाचं झाड मात्र सह्याद्रीत शोधून सापडायचं नाही. कोकणात नाही, मावळात नाही, गोव्याच्या रानातही नाही. दख्खनच्या या साऱ्या भूमीत ते आपण होऊन उगवतच नाही. आणि तरीसुद्धा महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांनी तान्हेपणी ओक चाटलेला आहे, असं म्हटलं तर चमत्कारिक वाटेल. बाळगुटीचं सामान आठवून पाहा. हळकुंड, वेखंड, सुंठ, हिरडा, मुरुडशेंग. आणि त्यांतच एक गोल, टणक, खडबडीत मायफळ. सहाणेवर त्याचे दोन वळसे उगाळायचे आणि बाळाच्या जिभेला लावायचे. हे मायफळ म्हणजे फळ नव्हेच. पश्चिम आशियातल्या एका ओकाच्या कोवळ्या डहाळीत गांधीलमाशीच्या कुळातला एक बारीक कीटक अंडं घालतो, आणि झाड त्या जागी गाठ धरतं. ती वाळलेली गाठ व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून आपल्या वैद्यापर्यंत पोहोचली. हिराकसाबरोबर तिचीच काळी शाई होत असे.

पण आज सांगायचं आहे ते ओकाच्या पानाविषयी. आणि तेही झाडावरच्या नव्हे, दगडात उमटलेल्या पानाविषयी. अशा पानावरून एका डोंगराच्या उंचीचा वाद उभा राहिला होता. तो डोंगर काश्मीरचा.

श्रीनगरहून दक्षिणेकडे निघालं की पांपूरच्या आसपास सपाट माथ्याची मातीची पठारं लागतात. केशराची शेतं असतात ती त्यांच्यावरच. काश्मिरी भाषेत या पठारांना करेवा म्हणतात. ही माती नदीकाठच्या साध्या गाळासारखी नाही. संथ पाण्याच्या तळाशी थरावर थर बसत जावेत तशी ती बसलेली आहे. काश्मीरचं खोरं पूर्वी सरोवर होतं आणि कश्यप ऋषींच्या खटपटीने त्याचं पाणी बाहेर गेलं, ही सतीसराची कथा कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणीच्या आरंभी सांगितली आहे. भूशास्त्रज्ञ ऋषींविषयी काही बोलत नाहीत. सरोवराविषयी मात्र त्यांचं आणि कल्हणाचं एकमत आहे.

आता गंमत पुढेच आहे. हे सरोवराचे थर खोऱ्याच्या तळाशी असावेत हे ठीक. परंतु नैर्ऋत्येला पीर पंजालची जी भिंत उभी आहे, तिच्या उतारावरही तेच थर सापडतात, आणि तिथे ते आडवे नसून तिरपे झालेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले मिडलमिस यांनी 1911 साली पीर पंजालच्या छेदांविषयी लेख छापला, तेव्हापासून या उंचावरच्या थरांकडे लक्ष गेलं. येल विद्यापीठाची उत्तर भारत मोहीम 1932 साली आली, तिच्यातल्या हेल्मुट द टेरा यांनी ते पुन्हा तपासले. लिद्दरमर्ग म्हणून एक कुरण आहे, सुमारे 10,600 फुटांवर. तिथल्या थरांत पानं होती, फळं होती आणि चक्क शिंगाडे होते! शिंगाडा ही सरोवरातली वनस्पती. आज ती दल आणि वुलर सरोवरांत वाढते, म्हणजे पाच हजार दोनशे फुटांच्या आसपास. मग दुप्पट उंचीवर, बर्फ पडणाऱ्या कुरणात, शिंगाडे कोणी नेऊन टाकले?

लखनौ विद्यापीठात त्या वेळी बिरबल साहनी वनस्पतिशास्त्र शिकवीत होते. आपल्या नागपूर-छिंदवाड्याकडच्या लाव्हारसाच्या थरांत दबलेल्या ताडांच्या खोडांवरही याच साहनींनी काम केलेलं आहे. त्यांनी 1936 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दोन लेख लिहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिंगाडे वर गेले नाहीत, डोंगर वर गेला. जी जमीन सरोवराचा तळ होती तीच उचलली गेली. आणि हे उचलणं इतकं अलीकडचं आहे की पृथ्वीवर माणूस आल्यानंतरही ते चालू होतं.

केवढं धाडसाचं विधान! पण ते टिकायचं तर पानं ओळखता आली पाहिजेत. शिंगाड्याची शिंगं कोणालाही कळतील. पानांचं काय? थरांतली पुष्कळशी पानं ओकाची दिसत होती, आणि काश्मीरच्या खोऱ्यात तर आज रानओक नाही. तो पीर पंजालच्या पलीकडे, पूंछ-जम्मूच्या बाजूला आहे. पुढे कुमाऊँ-गढवालात तर त्याची मोठमोठी अरण्यं आहेत. तिथे तो एका जातीचा नाही. खाली बांज, मग मोरू, आणि सर्वांत वर खरसू. बांज साधारण चार ते आठ हजार फुटांपर्यंत, खरसू आठ हजारांच्या वर, पार झाडांची सीमा येईपर्यंत. आता विचार करा. दहा हजार फुटांवरच्या दगडात सापडलेलं पान खरसूचं निघालं, तर डोंगर हलवायची काही गरज नाही. खरसू आजही तेवढ्या उंचीवर असतो. तेच पान बांजाचं निघालं, तर मात्र उत्तर द्यावं लागेल. म्हणजे एका पानाच्या कडेवर आणि शिरांवर दोन-तीन हजार फुटांचा हिशेब अवलंबून!

हे ओळखायचं कसं, ते सांगण्यापूर्वी एक घरचीच आठवण करून देतो. शाळेत असताना आपण पिंपळाचं पान पाण्यात भिजत घालत होतो. आठ-पंधरा दिवसांनी पाण्याला घाण वास यायचा, आई रागावायची. पण हिरवा गर सडून गेल्यावर शिरांची जी सोनेरी जाळी हाती यायची ती पुस्तकात ठेवायला काय मौज वाटे! ती जाळी ज्यांनी उजेडाकडे धरून पाहिली असेल, त्यांनी वनस्पतिशास्त्राचा हा धडा निम्मा शिकलेला आहे. मधली जाड शीर देठापासून शेपटापर्यंत जाते. तिच्यातून दोन्ही बाजूंना उपशिरा फुटतात. पिंपळात या उपशिरा कडेपर्यंत जातच नाहीत. कडेच्या अलीकडे त्या वळतात आणि शेजारणीला जाऊन मिळतात, त्यामुळे कडेला समांतर अशी एक कमानींची ओळ तयार होते. बांजाचं पान घ्या. त्याची कड करवतीसारखी दातेरी. त्याची उपशीर वळत नाही. सरळ रेघ ओढावी तशी जाते आणि दात्याच्या टोकातच संपते. एक शीर, एक दाता. दोन उपशिरांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या बारीक शिरा असतात, आणि त्या पायऱ्यांमध्ये पुन्हा त्याहून बारीक जाळं. पानाचा आकार पुष्कळदा फसवतो. लांबट अंडाकृती पानं शंभर झाडांना असतात. शिरांची ही शिस्त मात्र झाड सहसा सोडत नाही.

ही गोष्ट पद्धतशीर रीतीने जगापुढे मांडली ती व्हिएन्नाच्या कॉन्स्टांटिन फॉन एटिंग्सहाउझेन यांनी. त्यांना एक सोय होती. तिथल्या सरकारी छापखान्याचे प्रमुख आलोइस आउअर यांनी 1852 साली एका नव्या छपाईचं पेटंट घेतलं होतं. खरंखुरं वाळलेलं पान शिशाच्या आणि पोलादाच्या पत्र्यांमध्ये ठेवून जबरदस्त दाबायचं. शिसं मऊ, त्यात पानाची एकूण एक शीर उमटते. त्या शिशावरून विजेच्या साहाय्याने तांब्याचा ठसा घ्यायचा आणि त्यावर शाई लावून छापायचं. चित्रकाराचा हात नाही, म्हणून चित्रकाराची चूकही नाही. एटिंग्सहाउझेन आणि पोकोर्नी यांनी या रीतीने ऑस्ट्रियातल्या वनस्पतींचे मोठमोठे ग्रंथ 1855 पासून काढले, आणि 1861 साली एटिंग्सहाउझेन यांनी द्विदल झाडांच्या पानांच्या सांगाड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कडेला जाऊन संपणाऱ्या शिरा, कमानी करणाऱ्या शिरा, असे जे वर्ग त्यांनी पाडले त्यांतली कित्येक नावं शास्त्रज्ञ आजही वापरतात.

पण हत्यार चांगलं असलं म्हणजे हात चुकत नाही असं थोडंच आहे? याच एटिंग्सहाउझेन यांना युरोपातल्या जुन्या थरांत ऑस्ट्रेलियाची झाडं दिसू लागली. एकेका पानावरून त्यांनी बँक्सिया आणि तिच्या कुळातली झाडं ओळखली, आणि कोणे एके काळी युरोपात ऑस्ट्रेलियाचं रान होतं असा सिद्धांत मांडला. त्यांचे देशबांधव उंगर यांनीही त्याच सुमारास तेच सांगितलं. त्यावर जॉर्ज बेंथॅम यांनी 1870 साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे अध्यक्षीय भाषणात चांगलंच झोडलं. बेंथॅम हे ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवर बहुखंडी ग्रंथ लिहिणारे गृहस्थ. त्या कुळाची जिवंत पानं त्यांनी ढिगांनी हाताळली होती. फूल नाही, फळ नाही, नुसत्या तुटक्या पानावरून इतका मोठा निष्कर्ष काढू नये, हा त्यांचा मुद्दा. माझ्या मते त्या वादात बेंथॅमच बरोबर होते.

ओकाच्या बाबतीत तर याहूनही मजेदार प्रकार घडला. एकोणिसाव्या शतकात ओकासारख्या, चेस्टनटसारख्या दातेरी जीवाश्म पानांसाठी ‘ड्रायोफायलम’ असं नाव काढण्यात आलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच मुळी ‘ओकपान’. शंभर-सव्वाशे वर्षं युरोप-अमेरिकेतली असली पानं बिनदिक्कत या नावाखाली गेली. पुढे 1988 साली अमेरिकेतल्या जोन्स, मँचेस्टर आणि डिल्चर या तिघांनी ज्या पानावर हे नाव मुळात आधारलेलं होतं त्याची पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते ओकाच्या कुळातलं नव्हेच, अक्रोडाच्या कुळातलं आहे असं निघालं! नियमाप्रमाणे नाव बदलता येत नाही. त्यामुळे ते ‘ओकपान’ आता अक्रोडाच्या घरात नांदतं आहे.

आपल्या करेव्याच्या पानांचं काम साहनींचे विद्यार्थी गोपाल सिंह पुरी यांच्या वाट्याला आलं. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. थर फार जुने नव्हेत, तेव्हा झाडंही आजच्याच जातींची असणार, हे धरून ते हिमालयातल्या जिवंत झाडांकडे वळले. ऑस्ट्रेलियापर्यंत धावण्याची त्यांना गरजच नव्हती. दगडातलं पान एका हाती, वाळवून ठेवलेलं जिवंत जातीचं पान दुसऱ्या हाती. कड अखंड की दातेरी? दाते बुडापासून की वरच्या अर्ध्यातच? फलियाट नावाचा जो सखल भागातला ओक आहे, त्याचं पान खालच्या अर्ध्या भागात सफा असतं आणि वरच्या अर्ध्यातच त्याला दाते असतात. ही त्याची खूण. उपशिरा किती, मधल्या शिरेशी कोन किती, दात्यात शिरतात की कडेजवळ दुभंगतात? बांजाची शीर बहुधा एकसंध दात्यात जाते. मोरूची आणि खरसूची कडेजवळ पुष्कळदा फाटते. पानाचं बूड निमुळतं की हृदयाकृती? असं एकेक विचारत जायचं. पुरींचा करेव्यातल्या ओकांवरचा लेख 1945 साली प्रसिद्ध झाला. त्यात बांज, मोरू, खरसू, फलियाट अशा जाती वेगवेगळ्या केलेल्या आहेत. पुढे 1948 साली ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये करेव्याच्या सबंध वनस्पतिसृष्टीवर त्यांनी जो मोठा लेख लिहिला, त्यात तर ओळखण्याच्या रीतीवर स्वतंत्र प्रकरणंच घातली. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. मी हे कसं ठरवलं ते सांगतो, पटलं नाही तर खोडून काढा, असा तो व्यवहार आहे.

आणि खोडून काढण्यासारखं काही नसतं असंही नाही. माझीच फजिती सांगतो. चक्रात्याच्या वर देवबनच्या रानात मी एकदा हौसेने पानं गोळा करीत होतो. एका पाकिटात काटेरी कडेची, हॉलीच्या पानासारखी पानं भरली. दुसऱ्यात गुळगुळीत कडेची, गोलसर. दोन्हींवर दोन वेगवेगळी नावं लिहिली, आणि मोठ्या ऐटीत बरोबरच्या वनरक्षकाला दाखवली. तो नुसता हसला. मला त्याच झाडाखाली परत घेऊन गेला आणि काठीने वर दाखवलं. खालच्या कोवळ्या फांद्यांवर काटेरी पानं, शेंड्याकडे सफा पानं. “साहब, दोनों खरसू हैं!” गुरंढोरं जिथवर तोंड घालतात तिथवर झाड काटे धरतं, वर गेल्यावर त्याला कशाला हवेत काटे? आता हेच झाड सरोवराच्या काठी असतं, त्याची दोन्ही प्रकारची पानं चिखलात पडून दगड झाली असती, आणि वनरक्षक जवळ नसता, तर मी दोन जाती छापून मोकळा झालो असतो. म्हणून एका पानावर कधी भिस्त ठेवू नये. वीस-पंचवीस पानं मांडावीत आणि त्यांच्यात कड बदलली तरी काय बदलत नाही ते पाहावं. पानाची वरची त्वचा टिकली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरचे केस आणि रंध्रंही तपासतात. पण नुसता ठसाच उरला असेल तर सगळा भार शिरांवर.

पुरींच्या ओळखीतून मोठी विलक्षण गोष्ट बाहेर आली. करेव्यात ओकांच्या जोडीला धायटी सापडली. धायटी म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी पेटते ती. आणि दहा हजार सहाशे फुटांवरच्या लिद्दरमर्गच्या थरांत उंबर-पिंपळाच्या कुळातलं, उष्ण प्रदेशातल्या झाडाचं एक पान सापडलं. त्याविषयी पुरींनी 1947 साली लिहिलं. पिंपळाच्या कुळाच्या शिरा बांजापासून किती वेगळ्या, ते वर आलंच आहे. वाऱ्याने पान डोंगरावरून खाली सरोवरात येईल. पण खालच्या गरम दरीतली पानं पाच-सात हजार फूट चढून वर जाणार नाहीत. पुरींनी चित्र उभं केलं ते असं: पीर पंजाल तेव्हा ठेंगणा होता, मोसमी पाऊस त्याच्यावरून खोऱ्यात येत होता, सरोवराच्या काठी ओकांची दाट रानं होती. डोंगर उंच होत गेला, पावसाळी वारे अडले, आणि खोऱ्यातले ओक नाहीसे झाले. काश्मीरचं आजचं बरंचसं पाणी हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांचं आहे. आपल्यासारखा पावसाळा तिथे नाही.

या युक्तिवादावर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाच पाहिजे. त्या काळी हवाच आजच्यापेक्षा उबदार असेल, तर ऊब आवडणारी झाडं थोडी वर गेली असतील; सगळाच फरक डोंगराच्या नावावर मांडता येणार नाही. पान तापमान सांगेल, पाऊस सांगेल. फूट मोजायची पट्टी ते नव्हे. परंतु सरोवरात आडवे बसलेले थर आज तिरपे उभे आहेत, ही साक्ष पानांची नाही, खुद्द मातीची आहे. दोन्ही साक्षी एकाच बाजूला जातात. साहनींच्या वेळी हे थर हिमयुगाच्या काळातले समजले जात. पुढे खडकांतल्या चुंबकत्वावरून आणि ज्वालामुखीच्या राखेवरून काल मोजता येऊ लागला. बरबँक आणि जॉन्सन यांनी 1982 साली दाखवलं की करेव्याची सुरुवात सुमारे 40 लाख वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे खालचे थर हिमयुगाहून जुने निघाले. हिमालयाची मुख्य रांग त्याच्याही कितीतरी आधी उंच झालेली होती. मात्र पीर पंजालचं उठणं याच अलीकडच्या काळातलं आहे, हे टिकलं. साहनींना हे पाहायला मिळालं नाही. त्यांच्या लखनौच्या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनी 3 एप्रिल 1949 रोजी बसवली. तीत निरनिराळ्या ठिकाणचे जीवाश्म जडवलेले होते. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, 10 एप्रिलला, साहनी गेले.

पानं ओळखण्याच्या विद्येला पुढे चांगले दिवस आले. लिओ हिकी यांनी 1973 साली पानाच्या घडणीची परिभाषा नव्याने बांधली. कॉस्टिकमध्ये गर विरघळवून, शिरा रंगवून काचेवर बसवलेल्या पानांचे हजारो नमुने जमले. आपल्या पिंपळाच्या जाळीचीच ती शास्त्रीय बहीण. पीटर विल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 साली अशा साडेसात हजारांवर पानांची चित्रं संगणकाला दाखवली. एकोणीस कुळांत निवड करायला सांगितली, तेव्हा शंभरात बहात्तर वेळा त्याने कूळ बरोबर सांगितलं. तो पानाच्या कोणत्या भागाकडे पाहून ठरवतो हेही त्यांनी तपासलं; पुष्कळदा ते ठिकाण पानाची कड असे, दाते आणि त्यांत शिरणाऱ्या शिरा. पण देवबनच्या वनरक्षकासारखं झाडाखाली नेऊन वर काठी दाखवणं त्याला अजून जमलेलं नाही.

करेव्याची माती भुसभुशीत, खोदायला सोपी. वीटभट्ट्यांना ती लागते, भरावाला लागते. काझीगुंड ते बारामुल्ला हा लोहमार्ग 2009 साली पूर्ण झाला, तेव्हा त्याच्या भरावासाठी याच पठारांची माती गाड्या भरभरून गेली. ज्या टेकाडांचे थर पुरींसारख्यांनी चाकूच्या पात्याने एकेक करून उकलले असते, ती टेकाडं यंत्रांनी दिवसांत सपाट केली. त्या भरावात बांज होता की खरसू, हे आता कोणी सांगू शकणार नाही.